नवं पान एक डाव थांबतं

माझ्या नातीचा माझ्याशी असलेला सगळा कारभार हाव, न्हाई आणि नको एवढ्यात आटपायचा. शाळा आवडती का? हाव. मैत्रिणी झाल्या का? न्हाई. धपाटं खातीस का? नको. मग आम्ही दोघी समोरच्या भिंतीवरच्या थंड पेयाच्या जाहिरातीकडं बघत बसायचो. त्या जाहिरातीतली बाई मात्र सारखी हसत असायची. तिला काय, तिची नात थोडीच लातूरला होती.

ही भिंत अहमदपूरची. बसस्टँडसमोर एक चहा-फराळाचं हॉटेल आहे, त्याच्या मागच्या खोलीला पडदा लावून मालकानं ‘फॅमिली रूम’ अशी पाटी ठोकली आहे. आमची फॅमिली त्या खोलीपुरतीच उरली होती. माझा मुलगा नांदेडला, सूनबाई लातूरला. दोघांचं मोडलं, कोर्टाचे कागद झाले, पोरगी आईकडं राहिली. सूनबाई नांदेडची पायरी चढणार नाही, आणि लातूरला विहीणबाईंच्या दारात मला कोणी चहा विचारणार नाही. म्हणून मधलं गाव काढलं. महिन्यातल्या एखाद्या रविवारी ती पोरीला घेऊन लातूरहून यायची, मी नांदेडहून लोह्यावरून जायची. कागदावर ती आता माझी सून नाही. पण तिला दुसरं काय म्हणायचं ते त्या कागदात कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी सूनबाईच म्हणते.

मुलगा येत नसे. त्याचा नवा संसार मांडून झाला होता आणि त्याच संसारातल्या एका खोलीत मी राहते. मी कुठं जाते ते त्याला माहीत असायचं. संध्याकाळी परत आले की टीव्हीवरची नजर न काढता विचारायचा, “बस मिळाली का?” मी म्हणायची, “मिळाली.” पोरीची चौकशी यातच झाली असं आम्ही दोघं धरून चालायचो.

सूनबाईनं पहिल्याच खेपेला मला साफ सांगून टाकलं होतं. “तिला यावंसं वाटतंय तवर आणीन. ज्या दिवशी ती नको म्हणाली, त्या दिवशी मी जबरदस्ती करणार नाही.” बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. जागा असती तर मी काढलीच असती. म्हणजे माझं सगळं त्या पोरीच्या एका ‘नको’वर येऊन ठेपलेलं, आणि नको हा तर तिचा आवडता शब्द.

अशातच एका रविवारी तिनं पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला आणि माझ्याकडं न बघता टेबलावर पत्ते मांडायला सुरुवात केली.

आता पत्ते म्हटल्यावर मला काही शिकवावं अशी माणसं आमच्या भागात कमी होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं गल्लीत दुपारी बायकांचा मेंढीकोटाचा डाव बसायचा, आणि त्यात मी म्हणजे कोण! लांब वेणी पुढं घेतलेली, तोंडाचा पट्टा चालू आणि इस्पिकची राणी पदराखाली. मला वाटायचं, कोणाला कळत नाही. सगळ्यांना कळायचं. नव्या सुनेला कशाला रडवायचं म्हणून त्या बिचाऱ्या हरत राहायच्या, आणि हे ध्यान घरी येऊन आरशासमोर उभं राहून स्वतःलाच शाबासकी द्यायचं. त्या ध्यानाच्या जोरावर मी नातीला म्हटलं, “पत्तेच ना? वाट की मग. सात-सात वाट.”

“हे वाटायचे नसतात,” ती म्हणाली.

“मग?”

“आपली आपली गड्डी असते. मी माझी आणायची, तू तुझी आणायची.”

“घरून?”

“हाव.”

“आणि त्यात कोणती पानं भरायची ते कोण सांगतं?”

“कोण कशाला सांगतंय? आपल्याला पाहिजे ती भरायची.”

पानं घरून निवडून आणायची परवानगी असलेला खेळ माझ्या तरुणपणी का निघाला नाही? पदराला उगीच त्रास दिला मी. “मग मी सगळे एक्केच भरीन,” मी म्हटलं.

तिनं कपाळाला हात लावला. “आजी, यात एक्के नसतात. आणि एकसारखं कार्ड चारच्या वर चालत नाही.”

“का?”

“नियम आहे.”

“कुणी केला?”

“कंपनीनं!” ती ओरडली. आणि मला उकळ्या फुटल्या. पोरगी माझ्यावर ओरडून राहिली होती. हाव, न्हाई, नको सोडून दुसरं काहीतरी तिच्या तोंडून येऊन राहिलं होतं.

पानांवर पंख असलेली मांजरं होती, झाडाच्या बुंध्यातून निघालेली माणसं होती, पाण्याचे घोडे होते, आणि चित्राखाली मुंगीएवढं इंग्रजी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. अक्षरं जुळवता येतात, पण शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत पहिला निसटलेला असतो. नातीकडं दोन गड्ड्या होत्या, त्यातली हलकी तिनं मला दिली. “ही शिकाऊ लोकांची,” असंही सांगितलं. प्रत्येक पानाला तिनं प्लॅस्टिकचा अंगरखा घातला होता, आणि चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्लेल्या हातानं मी पान उचललं तेव्हा तिनं मला मोरीकडं पिटाळलं. साबणानं हात धुऊन ये म्हणाली. जन्मात मला कोणी खेळायच्या आधी हात धुवायला लावले नव्हते. मी निमूट धुतले.

खेळ असा. प्रत्येकीचा जीव वीस. आपली जनावरं मांडायची आणि समोरचीचा जीव खात जायचं. जे पान मारायला पाठवलं ते आडवं करायचं. आडवं म्हणजे थकलेलं. आपला डाव परत आला की सगळी थकलेली उभी करायची.

“एवढ्यात उतरला थकवा?” मी विचारलं.

“हाव.”

“माझे गुडघे यात बसतात का बघ.”

ती हसली नाही, पण ओठ दाबले. तेवढं मला नांदेडपर्यंत पुरलं.

पुढच्या खेपेला डाव ऐन रंगात आला असताना हॉटेलचा मालक पडदा सारून आत डोकावला. टेबलावर पानं, दोन्ही बाजूंना गड्ड्या, आणि मी एक पान आपटलेलं. त्याचा चेहराच उतरला.

“मावशी, इथं पत्ते न्हाई चालायचे. लफडं होतंय. मागं पोलीस येऊन गेले.”

“अहो, हे तसले न्हाईत.”

“सगळे हेच म्हणत्यात. तुमच्या वयाला बरं दिसतंय का? लेकराला बी बसवलंय सोबत.”

“मी नाही बसवलं. लेकरानंच मला बसवलंय.”

नात उठली आणि तिनं त्याच्या तोंडासमोर पान धरलं. “अंकल, हे बघा. हा पाण्याचा घोडा आहे. याच्यावर जुगार नसतो. याला ताकद असते.” मालकानं घोडा उलटासुलटा करून बघितला, “लई महाग असतंय हे, माझ्या भाच्याकडं हाय,” म्हणाला आणि चहा पाठवून दिला. नात परत बसली तेव्हा खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली. माझ्या लक्षात आलं, पण मी पानांतच तोंड खुपसून ठेवलं. अशा गोष्टींकडं बघितलं की त्या उडून जातात.

आता सूनबाईबद्दल. ती नेहमी शेजारच्या टेबलावर बसायची, पाठ आमच्याकडं, हातात मोबाइल. मी आले की “बसा,” आणि निघाले की “या,” यापलीकडं आमचं बोलणं नव्हतं. एक दिवस मी माझं पहिलं मोठं पान मांडलं. शिंगं परजलेला रेडा, ताकद पाचाची. मांडला आणि लगेच म्हटलं, “मार!”

“आत्ता नाही मारता येत,” नात म्हणाली.

“का? चांगला धडधाकट हाय की.”

“नवीन आलाय ना तो. नवं पान एक डाव थांबतं. नुसतं बसून राहतं. काम पुढच्या डावापासून.”

“हे कुठलं बाई? आल्या आल्या बसून राहायचं? आमच्यात तर आल्या दिवशीच…”

“आल्या दिवशीच पीठ मळायला लावतात,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

पाठ तशीच होती. मोबाइल तसाच होता.

“कुणी लावलं?” मी म्हटलं. “तूच उठली होतीस.”

“उठू नको तर काय करू? तुम्ही पहाटंच परात आपटून राहिल्या होत्या.”

“परात काय मुद्दाम आपटली का? पितळेची होती, वाजते.”

“तीनदा?”

नात एकदा तिच्या आईकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. “परातीचं काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही,” दोघी एकदमच म्हणालो. सूनबाई पुढं म्हणाली, “खेळ तू. तुझा डाव आहे.”

मी काही नव्या सुनेला पीठ मळायला लावायचा शोध लावला नव्हता. पण माझ्या वेळी मला कोणी परात आपटून उठवलंही नव्हतं. मी स्वतःच सगळ्यांच्या आधी उठून चुलीपुढं जाऊन बसले होते, सासूला दाखवायला. माहेर धर्माबादकडचं, भात खाणारं. ज्वारीची भाकरी मी फक्त खाल्लेली, थापलेली कधीच नाही. सासू दारात उभी होती, तोंड उघडून एक प्रश्न विचारायचा अवकाश, तिनं सांगितलं असतं की पोरी, पाणी उकळतं घे. पण विचारायचं म्हणजे हरायचं, अशी माझ्यातल्या त्या शहाणीची समजूत. गार पाण्यात पीठ मळलं, भाकऱ्या नकाशासारख्या फाटल्या. सासूनं त्या उचलून म्हशीपुढं टाकल्या. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. लग्नघर भरलेलं, सगळे पाहुणे बघायला हजर.

तर ही मी, जिनं उभ्या जन्मात कोणाला काही विचारलं नाही, ती आता महिनाभर प्रश्न गोळा करायला लागले. नात जे बोलायची ते फक्त प्रश्नाला उत्तर म्हणून. प्रश्न संपले की परत हाव, न्हाई, नको. म्हणून नांदेडहून निघाले की प्रश्न तोंडात घोळवत बसायची. गड्डी संपली तर काय? समोरचीनं पान दाखवलंच नाही तर काय? आपणच आपल्या जनावराला मारून टाकलं तर चालतं का? लोह्याजवळ शेजारच्या बाईनं विचारलं, “मावशी, कुणाचा जप करून राहिल्या?” मी म्हटलं, “थकलेल्या जनावरांचा.” ती बाई पुढच्या स्टॉपला जागा बदलून बसली.

आणि नात उत्तरं द्यायची. गड्डी संपली आणि पान ओढता आलं नाही की हरलो. मी मारायला निघाले तर मध्ये कुणाला आडवं घालायचं ते तिनं ठरवायचं, मी नाही. यावर मी भांडले. “माझा रेडा, मी मारणार, आणि मरायला कोण येणार ते तू ठरवणार?” “हाव, आजी. मारणारी तू, वाचवणारी मी.” बोलताना तिचे हात हलायचे. माझ्या मुलाचेही लहानपणी असेच हलायचे. मी हे तिला सांगितलं नाही. त्याचं नाव निघालं की ती पानं सारखी करायला घेते हे मी एकदा बघितलं होतं.

मेलेल्या पानांची गोष्ट मात्र माझ्याकडून झाली, आणि ती प्रश्नातून नाही, चुकीतून झाली. मेलेलं पान बाजूच्या ढिगात टाकायचं असतं, आडवं, सुलटं, एकावर एक. मी माझं मेलेलं पान उचललं आणि पाण्याच्या पेल्याला टेकवून उभं केलं. मग दुसरं मेलं, तेही त्याच्याशेजारी.

“आजी, मेलेली झोपवतात.”

“आमच्यात बसवतात,” मी सहज बोलून गेले.

“म्हणजे?”

“आपण लिंगायत ना. आपल्यात जाळत नाहीत, माती देतात. आणि माती देताना बसवतात. मांडी घालून.”

तिच्या हातातलं पान हातातच राहिलं. “आजोबांना पण?”

“हाव. चांगले बसले होते. हयातीत एवढे ताठ कधी बसले नाहीत. गळ्यात हार, तळहातावर लिंग.”

“मी होते?”

“होतीस की. आईच्या कडेवर.”

ती वळून आईकडं बघायला लागली. सूनबाईनं मोबाइल खाली ठेवला. “होतीस,” ती म्हणाली. “मामंजींच्या गळ्यातली फुलं मागून राहिली होतीस. कोणी देईना म्हणून रडलीस. लोकांना वाटलं, आजोबांसाठी रडतीय. सगळे म्हणाले, केवढी माया.”

नात खुदकन हसली. मग सूनबाई हसली. मग मी. पडद्याच्या आत असा आवाज ऐकून मालक परत डोकावून गेला. नातीनं आपली मेलेली पानं ढिगातून काढली आणि चटणीच्या वाटीला एकेक टेकवून बसवली. त्या दिवसापासून आमच्या डावात दोन्हीकडची मयत मंडळी मांडी घालून आमचा खेळ बघत बसायची.

तेव्हाच तिनं मला एक पान दिलं. ते टाकलं की मेलेल्यातलं एक जनावर परत मांडता यायचं. मी ते टाकायला तयार होईना. “एकदा माती दिलेलं उकरायचं? मला न्हाई जमायचं.”

“अगं, कार्डावर लिहिलंय! कार्डावर लिहिलेलं असलं की नियम बाजूला. कार्ड नियमापेक्षा मोठं.”

“असं कुठं लिहिलंय?”

“नियमात!”

मी ते पान हातातच धरून ठेवलं. सूनबाईनं आपली खुर्ची उचलून आमच्या टेबलाला लावली आणि तिघींसाठी सुशीला मागवला. त्या खोलीत आम्ही तिघी एका टेबलावर बसलो ते त्या दिवशी. पुन्हा बसलो नाही, कारण पुढच्या खेपेला मी डाव जिंकले.

जिंकायला नको होतं, हे मला पान टाकायच्या आधी माहीत होतं. तिचा जीव तीनावर आला होता, माझा रेडा उभा होता, तिच्याकडं आडवं घालायला काही नव्हतं. मी नुसतं म्हणायचं होतं, अगं आता काय करू? पण ते वेणीवालं ध्यान अजून माझ्यात कुठंतरी दडून बसलं होतं, आणि पत्ते बघून इतके महिने ते गप्प राहिलं हीच कमाल. मी रेडा आडवा केला आणि म्हटलं, “संपलीस!” वर मांडीवर थापही मारली.

ती रडली नाही. चिडलीही नाही. पानं गोळा केली, नीट बसवली आणि म्हणाली, “तुला येतंय की आता.”

त्याच्यापुढच्या खेपेला मी नेहमीसारखी सुरुवात केली. थकलेलं पान केव्हा उभं करायचं गं? तिनं माझ्याकडं बघितलं. “तुला माहितीय.” नवं आलेलं पान लगेच मारू शकतं का? “आजी, तू मुद्दाम विचारून राहिलीस.” मी म्हटलं, न्हाई गं, म्हातारं डोकं, विसरतं. ती म्हणाली, “मग गेल्या वेळी कसं आठवलं?” खरे प्रश्न हुडकून आणावेत तर खरंच संपले होते. पोरगी चांगली शिकवणारी निघाली, त्याला मी काय करू? तिनं मला सगळं शिकवून टाकलं होतं.

त्यानंतरही ती येत राहिली, पण डाव लवकर आटपायचे. मध्येच आईचा मोबाइल मागून घ्यायची. मी धपाट्यांच्या जागी बेसनाचे लाडू नेऊन बघितले, मग दुकानातली चॉकलेटं. तिनं प्रत्येक वेळी घेतलं. नको म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मोठ्या माणसांसारखं ‘थँक्यू आजी’ म्हणून ती ते पिशवीत टाकायला लागली. उंची वाढली होती. दप्तराच्या ओझ्यानं खांदे पुढं आले होते. पानांवरच्या मांजरांकडं ती आता मी बघायची तशी बघायला लागली, म्हणजे न कळल्यासारखी.

मग एका उन्हाळ्यातला रविवार. त्या दिवशी ती बसल्या बसल्या डबा काढून माझ्यापुढं सरकवून मोकळी झाली. “हे तुला,” म्हणाली. “दोन्ही गड्ड्या आहेत. आणि सुटी कार्डं पण.”

“मला कशाला? तू काय खेळशील?”

“मी नाही खेळत आता. वर्गात पण कोणी नाही खेळत. लहान पोरांचं आहे ते.” मग मला वाईट वाटेल असं वाटून घाईघाईनं म्हणाली, “म्हणजे तुला आवडतं ना, म्हणून.”

सूनबाईनं घसा साफ केला. “तिचा फाउंडेशनचा क्लास लागलाय. आठवड्यात शाळा, आणि रविवारी सकाळी टेस्ट, दुपारी पेपरची चर्चा. लातूरमधलं तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांचीच पोरं जातात.”

“म्हणजे रविवार…”

“रविवार गेला.”

“तीच नको म्हणाली का?” मी विचारलं. पोरीसमोर विचारायला नको होतं.

“मी नको नाही म्हणाले,” नात म्हणाली. “क्लासच आहे ना.” आणि ती भिंतीवरच्या जाहिरातीकडं बघायला लागली. नको म्हणायची गरजच पडली नव्हती. तिच्या वतीनं क्लासनं म्हटलं होतं, कोणाला वाईट दिसायची भानगड नाही.

“मी लातूरला येत जाईन,” मी म्हटलं. “क्लासच्या बाहेर बसेन. सुटली की दहा मिनिटं. तुमच्या घरी यायची गरज नाही.”

“बघू,” सूनबाई म्हणाली.

आमच्याकडं बघू म्हणतात ते न्हाई म्हणताना तोंड कडू होऊ नये म्हणून. ती ते वाईट हेतूनं म्हणाली नाही. जाताना वाकून नमस्कार केला तिनं मला, दोघांचं मोडल्यापासून पहिल्यांदा. मला तो आवडला नाही. येणार असलेल्या माणसाला कोणी एवढा वाकून नमस्कार करत नाही. नातीनं मिठी मारली. तिची हनुवटी माझ्या खांद्याला लागली. लातूरची गाडी आधी लागली, त्या चढल्या. खिडकीतून हात हलला आणि गाडी वळली.

मी डबा मांडीवर घेऊन नांदेडला आले.

आता दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की खोलीतल्या पलंगावर मी दोन्ही गड्ड्या मांडते. एका बाजूला ती बसायची तशी बसून एक डाव, मग पलीकडं सरकून माझा डाव. गुडघे बोंबलतात, पण खेळ होतो. सून, म्हणजे इथली नवी, एकदा दारात उभी राहून बघून गेली. मुलानंही एकदा डबा बघितला, उचलला, पानं हातात घेऊन उलटी-सुलटी केली. मला वाटलं, विचारेल कुणाची म्हणून. त्यानं झाकण नीट लावून ठेवलं आणि चार्जर शोधत निघून गेला.

सोपं नसतं दोन्हीकडून खेळणं. पलीकडं सरकलं की आपण अलीकडं काय ठरवलं होतं ते माहीत असतं. मुद्दाम विसरावं लागतं. वेणीवाल्या ध्यानाला तर हे स्वर्गासारखं वाटलं असतं, दोन्ही हातांतली पानं दिसताहेत, पदराची गरज नाही, हरली तरी जिंकलीच. मला त्यात काही गोडी वाटत नाही. पण मांडते.

परवा दुपारी मात्र एक भलतंच झालं. नातीच्या गड्डीत एक वणव्याचं पान आहे. ते टाकलं की दोन्ही बाजूंचा जीव भाजतो, टाकणारीचा आणि समोरचीचा, सारखाच. ते पान याआधी कधी निघालंच नव्हतं. मी तिच्या बाजूनं बसून ते टाकलं, आणि बघते तर तिचाही जीव दोन होता आणि माझाही दोनच. दोन्हीकडचा एकदम संपला. कोणाचा आधी म्हणायचा? टाकणारी जिंकली का? का दोघी हरल्या? का असं झालं की डाव धरायचाच नाही? मी पानावरचं इंग्रजी भिंग लावून वाचलं, डब्यातला नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचला. त्यात याचं काही सापडलं नाही.

हा खरा प्रश्न होता! इतक्या महिन्यांनी मला खरोखर माहीत नसलेलं काहीतरी निघालं होतं. मी लगेच फोन लावला. सूनबाईच्या फोनवर रिंग जाऊन जाऊन बंद झाली. मग मी व्हॉट्सअॅपवर बोलून संदेश पाठवला, सगळा मुद्दा नीट समजावून: वणव्याचं पान पडलं, पोरीच्या बाजूचा जीव दोन, माझा दोन, दोघींचा एकदम संपला, तर जिंकलं कोण ते तिला विचारून सांग, मी पानं तशीच मांडून ठेवली आहेत.

संध्याकाळपर्यंत मी पलंगावर कोणाला बसू दिलं नाही. मी स्वतः खुर्चीत बसले.

दिवे लागल्यावर फोन वाजला. सूनबाईचा संदेश. उघडला तर एक पिवळा अंगठा, वर केलेला. बाकी काही नाही.

आता अंगठा म्हणजे कोण जिंकलं? तिनं संदेश ऐकलाच नसेल, किंवा ऐकून पोरीला सांगितलाच नसेल, किंवा सांगितला असेल आणि पोरीनं पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं असेल, पाठव काहीतरी. परत विचारावं असं मनात आलं. बोट त्या माइकच्या चिन्हावर ठेवलंही. पण दुसऱ्यांदा विचारलं की तिला ते मुद्दाम विचारल्यासारखंच वाटणार, आणि या वेळी तर मी मुद्दाम विचारत नव्हते. मी बोट काढलं, पलंगावरची पानं गोळा केली आणि झोपायला जागा केली.